अंडी ही वरकमाई

कोंबड्या पाळल्यात म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, रोज किती अंडी मिळतात? आणि खरं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, अगदीच गुणाची असली तर ऐंशी, मध्येच खुडूक होऊन बसणार, मग पिसं झाडायला घेणार की तेव्हा अंड्याचं नावच नाही. फार्मवरची लेयर तीनशेच्या वर देते. त्यामुळे अंड्यांचा हिशेब मांडला तर तो कधीच जुळत नाही, दुकानातून ट्रे आणलेला स्वस्त पडतो, म्हणून मी तो मांडतच नाही. माझ्या लेखी कोंबड्या खतासाठी असतात, अंडी ही वरकमाई.

आमचं घर चिपळूणच्या बाजूला, परसू उताराचं, कोकणात सपाट जागा असते कुणाकडे. तर त्या उताराचाच फायदा घेतलाय. वरच्या अंगाला खुराडं, खाली जाळी मारून बंद केलेला मोठा तुकडा आणि त्याच्या अगदी तळाला जुन्या फळ्यांचा आडवा बांध. घरातला ओला कचरा, पातेरा म्हणजे झाडांची गळलेली सुकी पानं, गवत, चहाचा चोथा, मे महिन्यात फणसाची चारखंडं नि आंब्याचे बाठे, सगळं वरच्या टोकाला ओतायचं, बस्. पुढचं काम कोंबड्यांचं. त्या दिवसभर उकरतात आणि उकरलेलं सगळं मागे म्हणजे उताराकडे जातं, असं करत करत वर टाकलेलं पावट्याचं साल तुकडे होत, शीट मिसळत, कुजत खाली बांधाला येऊन टेकतं तेव्हा त्याची काळी माती झालेली असते. मला फक्त फावडं घेऊन खालून उचलायचं. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, आमच्याकडे तीन-चार महिन्यांत फिटतो.

कोंबडी उकरते कशी ते कधी नीट बघितलंय का? उजवा पाय, डावा पाय, कधी परत उजवा, मग झटकन एक पाऊल मागे, मान वाकडी करून एका डोळ्याने तपासणी, मग टोच. आणि हे सगळं इतक्या गंभीरपणे की वाटतं काहीतरी सरकारी कागद हरवलाय. बाजूला मक्याचा भरडा भरून ठेवलेला असला तरी तिला ते आयतं पुरत नाही, शोधून खाल्लेल्या एका अळीची चव भरड्याला नाही. घरात बंद करून नुसतं खाद्य घातलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात त्याचं एक मोठं कारण हेच, पायांना काम नाही. जंगलातल्या पाचोळ्यात उकरून पोट भरणाऱ्या पाखराची ही पोरंबाळं, सवय जाणार कुठे. तसा आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याचाही त्यांच्यात थोडा अंश आहे बरं का, मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण पाळीव कोंबड्यांची पिवळी कातडी नि पिवळे पाय ज्या जीनमुळे येतात तो करड्याकडून आलाय असं 2008 साली संशोधकांनी दाखवलं. तेव्हापासून आमच्या पिवळ्या पायाच्या तलंगीकडे मी जरा नात्यातल्यासारखं बघते.

आता उकिरडा म्हटलं की वास आलाच असं लोकांना वाटतं. वास येतो तो उकिरड्याचा नाही, चुकलेल्या प्रमाणाचा. कोंबडखतात नायट्रोजन भरपूर, त्याला जोडीला सुकं काही मिळालं नाही की अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात. चांगलं कुजायला एका भाग नायट्रोजनला 25 ते 30 भाग कार्बन लागतो असं पुस्तकात असतं, पण परसात तराजू घेऊन कोण बसतंय, मी आपलं एक बादली ओलं टाकलं की दोन-तीन टोपल्या सुकं टाकते आणि वास आला की अजून एक. सुकं म्हणजे पातेरा, भाताचं तूस, सुताराकडचे छिलपे. आंब्याची पानं एरवी लवकर कुजत नाहीत, चिवट असतात, पण कोंबड्यांच्या पायाखाली गेली की चुरा होतो.

या पातेऱ्यापायी माझी दरवर्षी धावपळ असते कारण इकडे तो भाजावळीत जातो. फेब्रुवारी-मार्चपासून लोक राबासाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजायला, पातेरा, कवळं, शेण शेतात पसरून पेटवतात, नाहीतर नुसताच झाडून एका कोपऱ्यात काडी लावतात. मी झाडण्याच्या आधी पोती घेऊन हजर. आगोटीला बाकीची घरं सुकी मासळी, लाकूडफाटा, कडधान्यं भरून ठेवतात, आमच्या पडवीत ते तर असतंच वर पातेऱ्याची पोती छताला लागलेली असतात. सासूबाई म्हणतात, "अगं माणसं बसायची कुठे?" पण इलाज नाही. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उघडा उकिरडा म्हणजे जुलैत नुसता चिखल, त्यात कोंबड्यांचे पाय सडणार. म्हणून अर्ध्या भागावर कौलं चढवलीत आणि पावसाळाभर त्या कोरड्या अर्ध्यात थर चढत राहतात.

कौलं जुनीच. शेजारच्या वाडीत एक घर पाडून स्लॅबचं बांधायला घेतलं तेव्हा मंगलोरी कौलं, वासे, रिपा, फणसाच्या फळ्या असा सगळा ढीग रस्त्याकडेला पडला होता, बंबात घालायला नेणार होते कोणी. मी टेम्पो सांगितला. आमचे सुतारकाका ते लाकूड बघून म्हणाले, "वहिनी, ह्यात देव्हारा होईल, तुम्ही कोंबड्या काय बसवताय!" पण मग त्यांनीच हौसेने चौकट जोडून दिली. जुन्या लाकडाचं एक असतं, जे काही वाकायचं-तडकायचं ते आधीच वाकून-तडकून झालेलं असतं, पुढे दगा देत नाही. वाळवीसाठी मात्र एक काळजी घ्यावीच लागते, खांब मातीत पुरायचे नाहीत, जांभ्याच्या चिऱ्यावर उभे करायचे, म्हणजे वाळवीने वर चढायला घेतलं की तिची मातीची नळी दिसते आणि मोडता येते.

खिळे काढणं हे स्वतंत्र काम आहे. दुपारी पडवीत बसून जंबुराने एकेक उपटायचा, गंजका असेल तर आधी मागून ठोकून टोक सैल करायचं, डोकं तुटलं तर आरपार ढकलायचा. त्या घराच्या वाशांतून चौकोनी अंगाचे, लोहाराने घडवलेले खिळे निघाले, बोटभर लांब, ते मी कोंबड्यांसाठी वापरले नाहीत, डब्यात ठेवलेत. कशासाठी ते विचारू नका.

फळ्या कमी पडल्या तिथे पॅलेट. कारखान्यांचा माल ज्यावर येतो ते पाइनचे सांगाडे, भंगारवाल्याकडे मिळतात, पण दिसलं पॅलेट की उचललं असं करायचं नाही. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का असतो, त्यात एचटी लिहिलेलं असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलंय, म्हणजे आतपर्यंत 56 अंशाला 30 मिनिटं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलाय, ते सोडून द्यायचं. आणि शिक्का कुठलाही असो, तेलाचे नाहीतर केमिकलचे डाग असले की हात लावायचा नाही, ज्या फळीवरून कोंबडी दाणे टिपणार तिच्यावर आधी काय सांडलं होतं कुणास ठाऊक.

जुन्या लाकडाचा एक खरा तोटा आहे आणि तो हौशी लोक सांगत नाहीत. फटी. कोंबड्यांचं रक्त पिणारी एक बारीक लाल गोचीड असते, ती दिवसा लाकडाच्या फटीत लपते आणि रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की बाहेर येते, त्यामुळे दिवसा कोंबडी उचलून बघितली तर काहीच सापडत नाही, फक्त तुरा फिका पडत जातो. बॅटरी घेऊन रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद फिरवावा, लाल रेघा उमटल्या की समजायचं. त्यावर आपला जुना उपाय चांगला आहे, घट्ट चुना कालवून फटीफटीत भरायचा, वर्षातून दोनदा. शिवाय चुलीची राख एका कोपऱ्यात पडलेली असली की कोंबड्या स्वतःच लोळून अंग साफ करतात, इतक्या तल्लीन होतात की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कोंबडी मेली.

जाळीबद्दल एवढंच, षटकोनी स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्यावी आणि खाली वीतभर जमिनीत गाडावी. कांडेचोर म्हणजे उदमांजर तर नुसती कडी उघडतो की काय अशी शंका येते, म्हणून दाराला खिट्टीच्या वर तार.

खायला घालताना दोन-तीन गोष्टी पाळते. बुरशी आलेलं धान्य किंवा बुरशी आलेले शेंगदाणे अजिबात नाहीत, हिरवट बटाट्याची सालं नाहीत, खारट काही नाही. मासे साफ केलेली घाण थोडी चालते, जास्त झाली तर उंदीर येतात आणि अंड्याला हिवस वास मारतो. तिसऱ्यांच्या शिंपल्या मात्र वाया घालवत नाही, भाजून कुटून खायला ठेवल्या की अंड्याचं कवच जाड होतं.

आणि लस. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग आला की वाडीतल्या सगळ्या कोंबड्या साफ होतात, तिथे घरगुती उपाय नाही. त्यावरच्या लासोटा लसीची एक कुपी कमीत कमी शंभर डोसांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, सातआठ कोंबड्यांसाठी कोण फोडणार, म्हणून आम्ही चार घरं एकाच सकाळी फोडतो. बर्फाच्या थर्मासातून कुपी एका परसातून दुसऱ्या परसात, डोळ्यात एकेक थेंब, पोरं कोंबड्या पकडून द्यायला, मध्ये कुणाकडे तरी चहा. वाडीत एवढी माणसं आता एरवी एकत्र येतात ती शिमग्यात.

बांधाशी आलेलं खत लगेच झाडांना घालत नाही. कोंबड्या ढीग सारखा विस्कटत असल्यामुळे तो हवा तसा तापत नाही आणि ताजी शीट तर इतकी उष्ण की वांग्याचं रोप दोन दिवसांत करपतं. म्हणून खालून काढलेलं जाळीबाहेर वेगळं रचून, झाकून, दीडदोन महिने तसंच ठेवायचं, मग चाळायचं. चाळणीवर काय काय राहतं, बाठे, शिंपल्या, दहीवड्याच्या पार्सलचा प्लॅस्टिकचा चमचा, मध्यंतरी हरवलेली दुधाच्या पातेल्याची चिमटी. खाली पडतं ते हातात घेतलं की पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास. ते सुरणाला, हळदीला, भोपळ्याच्या वेलाला.

शेजारीण पूर्वी अंडी मागायला यायची, आता घमेलं घेऊन येते आणि वर मलाच ऐकवते की मागच्या वेळचं जास्त बारीक चाळलेलं होतं. तिला यंदा सांगून ठेवलंय, खत पाहिजे तर एक पोतं पातेरा आधी आणून टाकायचा. ती म्हणाली, आमच्याकडे झाडं कुठे आहेत, आणि संध्याकाळी रस्त्यावरच्या वडाखालचा झाडून घेऊन आली. वडाची पानं छान कुजतात.