रिपोर्ट एक म्हणतो, भुवया दुसरंच

बाईंनी पर्समधून आधी केसांचा गुंता काढला, मग थायरॉइडचा रिपोर्ट. त्वचारोगाच्या ओपीडीत केस पुडीत बांधून आणणारे पुष्कळ. दिवसाला 50 ते 100 केस गळणं स्वाभाविक आहे, एवढं सांगून त्यातल्या बऱ्याच जणांना निर्धास्त करता येतं. यांचं तसं नव्हतं. चाई नव्हती, पण सगळ्याच डोक्यावरचे केस विरळ झाले होते आणि बट हलकेच ओढली तरी हातात येत होती.

रिपोर्टात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) जवळजवळ शून्य, टी-4 (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) वाढलेलं. म्हणजे थायरॉइड जास्त काम करतंय. केस त्यानेही गळतात. पण मग धडधड, हातांची थरथर, उतरलेलं वजन, काहीतरी दिसायला हवं ना? इथे सगळं उलटं. वजन वाढलेलं, पोट साफ नाही, थंडी सोसत नाही, त्वचा खरखरीत, नाडी संथ. भुवयांची बाहेरची टोकं तर जवळपास गेलेलीच. हे थायरॉइड कमी पडल्याचं चित्र.

"केसांसाठी काही घेता का?"

"औषध नाही हो, नुसतं बायोटिन."

गोळी 10 मिलिग्रॅमची. शरीराला हे व्हिटॅमिन रोज लागतं साधारण 30 मायक्रोग्रॅम. थायरॉइडच्या अनेक तपासण्यांच्या रसायनांतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते भरमसाट असलं की मोजणीत लुडबुड होते: टीएसएच खोटं कमी दिसतं, टी-4 खोटं जास्त. 'व्हिटॅमिनच तर आहे' असं समजून रुग्णही त्याचा उल्लेख करत नाहीत. थायरॉइड दाबणारी गोळी या बाईंना दुसरीकडे लिहून दिली होती, ती अजून सुरू केली नव्हती हे नशीब!

बायोटिन आठवडाभर बंद ठेवून रक्त पुन्हा तपासलं. टीएसएच नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट वर, म्हणजे थायरॉइड खरंच कमी पडत होतं.

थायरॉइडची उणीव भरून काढणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू केली. "आता केस कधी येणार?" हा प्रश्न ठरलेला. केस एरवी काही वर्षं वाढतो आणि मग साधारण तीन महिने विसावून गळतो. थायरॉइड कमी पडलं की एरवीपेक्षा खूप जास्त केस एकदम विसाव्याला जातात, नवे उगवायलाही वेळ लावतात. त्यामुळे गोळी लागू पडली तरी गळती ओसरायला दोन-तीन महिने आणि भरीवपणा दिसायला त्याहून जास्त, असं मी स्पष्टच सांगितलं. लोहही कमी निघालं होतं. लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्यायची, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.