टॉनिकच्या बाटलीआधी पान काय करतं ते बघा

सांगलीच्या तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षवेलीची एप्रिलची खरड छाटणी (काढणीनंतर नव्या फुटीसाठी केलेली) झाली की कोवळी फूट नेमकी मे महिन्याच्या उन्हात सापडते. विहिरीनं तळ गाठलेला असतो. पान सकाळी टवटवीत, दुपारी मलूल, आणि चार दिवसांत कडा करपलेल्या. मग दुकानातून 'अँटिऑक्सिडंट' लिहिलेली बाटली येते.

पाणी कमी पडलं की पान रंध्रं, म्हणजे आपली बारीक छिद्रं, मिटून घेतं. ओल वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. हरितद्रव्य मात्र ऊन पकडतच राहतं. साखर करण्यात न खपलेले इलेक्ट्रॉन मग ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं जहाल रूप, तयार होतं. त्यातून पुढे पेशींचे पडदे जळतात. बांधावर मारलेलं पॅराक्वाट वाऱ्यानं वेलीवर आलं तर पडणारे डाग याच जातीचे: ते तणनाशक इलेक्ट्रॉन वळवून ऑक्सिजनलाच देतं, म्हणून कडक उन्हात इतकं झटपट लागू पडतं.

पानाकडे यावर उतारा असतो. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं विकर (एन्झाइम) सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं (मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी हे काम 1969 साली दाखवलं). त्याला तांबं-जस्त, मँगनीज किंवा लोह लागतं. पेरॉक्साइडही साचून चालत नाही. कॅटॅलेज नावाचं दुसरं विकर ते मोडतं, हरितलवकात (हरितद्रव्याच्या कणांत) क जीवनसत्त्वाच्या जोरावर त्याचं पाणी होतं. खर्ची पडलेलं क जीवनसत्त्व पानातलंच ग्लुटाथायोन नावाचं संयुग परत भरून काढतं, आणि ग्लुटाथायोन बनायला गंधक हवं.

कॅटॅलेज डोळ्यांनी बघायचं तर पालकाची पाच-सहा ताजी पानं थोड्या पाण्यात वाटा, फडक्यातून गाळा आणि मेडिकलमधलं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड चमचाभर घाला. भराभर फेस येतो. तोच रस उकळून, गार करून पेरॉक्साइड घातलं तर काही होत नाही. द्राक्षाच्या पानात टॅनिन जास्त, ते विकरालाच धरून बसतं, म्हणून पालक.

आता बाटली. तिच्यात क जीवनसत्त्व असेल तर ते फवारणीच्या टाकीतच हवेनं खराब होऊ लागतं, आणि टाकीत आधीच्या बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचं) तांबं राहिलेलं असेल तर आणखी लवकर. त्यापेक्षा विकराला लागणारा कच्चा माल द्या. चुनखडीच्या जमिनीत जस्त असूनही मुळांना मिळत नाही. पानं बारीक आणि पेरं आखूड दिसली तर लिटरला 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 2.5 ग्रॅम कळीचा चुना. चुना आदल्या दिवशी विझवून त्याची निवळी वापरायची. नुसतं झिंक सल्फेट आम्लधर्मी, कोवळं पान भाजतं. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) विद्राव्य खत याच टाकीत नको: जस्त फॉस्फेट खाली बसतं, नोझल तुंबतात.

सॅलिसिलिक आम्ल हे अँटिऑक्सिडंट नव्हे, पानाचा बचाव जागा करणारा निरोप आहे. 200 लिटरला 20 ग्रॅम, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून, संध्याकाळी, पहिल्यांदा दोनच ओळींवर. मात्रा वाढवली तर तेच पान जाळतं.

फवारणीपेक्षा मोठं काम उसाचं पाचट करतं. मुळांजवळ ओल टिकली तर रंध्रं उघडी राहतात आणि पानात आधी सुपरऑक्साइडच कमी बनतं. ड्रिपच्या नळीखाली तीन-चार इंचांचा थर पुरे, पण खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी चढते.