डॉइट्झमधले तीन बॉम्ब आणि आमच्या मजल्यावरची माणसं

मिरजेला नर्सिंग करताना आपत्ती व्यवस्थापन शिकवलं होतं. पूर, आग, भूकंप, सगळं होतं. जमिनीतून बॉम्ब निघाला तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. जर्मनीतल्या कोलोनला मी ज्या वृद्धाश्रमात काम करते, तिथल्या ऑफिसात त्यासाठी वेगळी फाइलच आहे. इथे बांधकामाआधी जमीन तपासणं आपल्याकडच्या भूमिपूजनाइतकं ठरलेलं असतं.

२ जून २०२५, सोमवार. ऱ्हाइन नदीच्या उजव्या काठावर, शहराच्या डॉइट्झ भागातल्या जुन्या गोदीत, अशाच तपासणीत एकदम तीन बॉम्ब सापडले. तिन्ही अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धातले. दोन साधारण एकेक टनाचे, तिसरा अर्ध्या टनाचा. आदळल्यावर फुटायचे ते फुटले नाहीत, आणि ऐंशी वर्षं तसेच पडून राहिले. बुधवारी ते जागच्या जागी निकामी करायचे ठरलं. भोवती एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं गेलं. त्यात सुमारे साडेवीस हजार रहिवासी, एक हॉस्पिटल, शाळा, ५८ हॉटेलं, डॉइट्झचं रेल्वे स्टेशन आणि ऱ्हाइनवरचे तीन पूल आले. युद्ध संपल्यापासून या शहरात एवढी माणसं एका वेळी हलवली गेली नव्हती. आमची इमारत वर्तुळाच्या आतच होती.

धडधाकट माणसाला अशी बातमी म्हणजे एक दिवसाची सुट्टी. आमच्या मजल्यावर मात्र कुणाला ऑक्सिजन लागतो, कुणाला दर तीन तासांनी पार्किन्सनची गोळी. मंगळवारी संध्याकाळपासून आम्ही प्रत्येकाची पिशवी भरत होतो: औषधांचा कागद, दिवसभराच्या गोळ्या, डायपर, कवळीची डबी, चष्मा. मनगटाला नावाची पट्टी. एका आजोबांनी कवळीच्या डबीवर स्वतःचं नाव दोनदा लिहून घेतलं, कारण गेल्या वेळी हॉस्पिटलात ती बदलली गेली होती. बॉम्बपेक्षा त्यांना त्याचीच धास्ती जास्त.

बुधवारी सकाळी पालिकेची माणसं घरोघरी बेल वाजवत फिरत होती. रस्त्यावर लाउडस्पीकरची गाडी आली आणि आमच्या एका बाईंचा नूरच पालटला. स्मृतिभ्रंश इतका की स्वतःच्या मुलीला ओळखत नाहीत, कपडे घालायलाही दोन जणी लागतात. त्या दिवशी मी खोलीत गेले तर बाई दारापाशी उभ्या. अंगात एक कोट, त्यावर दुसरा कोट, हातात पर्स. लहानपणी तळघरात पळताना असेल नसेल ते अंगावर चढवायची सवय. जूनमधली दुपार, घामाने डबडबल्या, पण कोट काढू देईनात. शेवटी मी नाद सोडला आणि पाणी तेवढं पाजत राहिले.

अँब्युलन्स पाळीपाळीने आल्या. आम्हाला शहराच्या दुसऱ्या भागातल्या एका संस्थेच्या सभागृहात नेलं. तिथे दिवसभर बसून राहायचं. बसलेली म्हातारी माणसं काय करतात? वाद घालतात. त्या दिवसाचा वाद मी आयुष्यात विसरणार नाही.

एका बाजूला चौऱ्याण्णव वर्षांच्या आजी, जन्मापासून कोलोनच्या. दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याऐंशीचे आजोबा, जन्म ब्रेस्लाउचा. ते शहर युद्धानंतर पोलंडमध्ये गेलं. तिथल्या जर्मन लोकांना हाकलण्यात आलं, त्यांत आईचं बोट धरून हेही निघाले. पूर्वेकडून असे सव्वा कोटीच्या आसपास जर्मन बेघर होऊन आले.

विषय आजोबांनीच काढला. "सगळं व्हर्सायमुळे झालं. १९१९ला आम्हाला एवढं पिळलं नसतं, तर हिटलर आला नसता."

शाळेत मीही हेच पाठ केलं होतं. दुसऱ्या महायुद्धाची कारणे, मुद्दा पहिला, पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा अन्यायकारक तह. त्यामुळे माझी मान आपसूकच हलली.

आजींनी मात्र काठी आपटली. "पाच वर्षांची होते मी. वडिलांनी खांद्यावर घेतलं आणि पुलावर सैनिक बघायला नेलं. आम्ही फुलं टाकली. आम्हाला कुणी ओढत नेलं नव्हतं."

तो पूल होहेन्झोलर्न पूल, कॅथेड्रलला लागून असलेला. ७ मार्च १९३६. ऱ्हाइनच्या डाव्या काठावर आणि उजव्या काठाच्या ५० किलोमीटर पट्ट्यात जर्मनीने सैन्य ठेवायचं नाही, असं तहात ठरलं होतं. इंग्रजांची फौज तर १९२६पर्यंत कोलोनमध्येच तळ ठोकून होती. हिटलरने तो तह धुडकावून सैन्य घुसवलं. फ्रान्स आणि ब्रिटनने निषेध केला आणि गप्प बसले. आजींच्या वडिलांना त्यात एवढंच दिसलं, की बरीच वर्षं बेकार असलेल्या आपल्यासारख्याला काम मिळालंय आणि देशाची मानही ताठ झालीय.

आजोबांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण १९२८च्या निवडणुकीत, म्हणजे तहानंतर नऊ वर्षांनी, नाझी पक्षाला जेमतेम २.६ टक्के मतं होती. मग १९२९ची मंदी आली, लाखो कारखान्यांबाहेर पडले, आणि जुलै १९३२ला तीच टक्केवारी ३७.३ झाली. तह तोच होता, मधल्या काळात बदलले ते पोटाचे हाल. सगळं खापर तहावर फोडलं की मत देणारे आणि फुलं टाकणारे दोघेही सुटतात. आजींना ते सुटणं मंजूर नव्हतं. मला त्यांचंच पटलं, पण ड्युटीवर असल्याने बोलले नाही.

"आणि मग ३१ मे १९४२," आजी म्हणाल्या, "एका रात्रीत कोलोनवर इंग्रजांची हजार विमानं." आजोबा म्हणाले, त्या रात्री ब्रेस्लाउला आम्ही शांत झोपलो होतो. आजी म्हणाल्या, म्हणून तर तुम्हाला व्हर्साय आठवतं. ६ मार्च १९४५ला तो फुलं टाकलेला पूलही माघार घेणाऱ्या जर्मन फौजेनेच उडवला. मी मध्येच रक्तातली साखर तपासली, दोघांचीही वाढलेली.

संध्याकाळी सातनंतर निरोप आला: तिन्ही बॉम्ब निकामी. शहराच्या जुन्या भागात एक गृहस्थ घर सोडायलाच तयार नव्हते, म्हणून काम उशिरा सुरू झालं, असं कळलं. टाळ्या फक्त आम्ही कर्मचाऱ्यांनी वाजवल्या. आमची मंडळी जेवण थंड होतं म्हणून तक्रार करत होती.

परत येऊन सगळ्यांना बिछान्यात घालेपर्यंत मध्यरात्र झाली. दोन कोटवाल्या बाईंचा वरचा कोट तेवढा उतरला. आजोबांना इन्सुलिन देताना त्यांनी माझा हात धरला.

"सिस्टर, उद्या नाश्त्याला मला तिच्याच टेबलावर बसवा. पोलंडचं अजून बोलायचं राहिलंय."