एका ऑर्डरमध्ये तीन विक्रेते: पैशांची वाटणी आणि रिफंड

मार्केटप्लेसच्या, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल एकत्र विकणाऱ्या प्लॅटफॉर्मच्या, पेमेंटचं काम हातात घेतलं की मी आधी रिफंडचा हिशोब मांडतो, वाटणीचा नंतर. पैसे वाटून टाकणं सोपं असतं, वाटलेले गोळा करताना दमछाक होते.

समजा, एका ऑर्डरमध्ये तीन विक्रेत्यांच्या ५००, ३०० आणि २०० च्या वस्तू आहेत. १०० चं कूपन प्लॅटफॉर्मने दिलंय आणि कमिशन मूळ किमतीवर १२ टक्के आहे. कूपन किमतीच्या प्रमाणात विभागायचं: ५०, ३०, २०. म्हणजे ३०० च्या वस्तूसाठी ग्राहकाने भरले २७०, विक्रेत्याच्या वाट्याला आले २६४ आणि प्लॅटफॉर्मकडे राहिले ६. ती वस्तू परत आली की ग्राहकाला २७० द्यायचे. पैकी २६४ विक्रेत्याकडून, ६ आपल्या खिशातून. ३०० परत केले तर कूपनचे ३० रोख वाटल्यासारखंच झालं. पेमेंट गेटवेचं, म्हणजे ग्राहकाचं ऑनलाइन पेमेंट घेणाऱ्या सेवेचं, शुल्क रिफंडनंतर बऱ्याचदा परत मिळत नाही. तो भुर्दंड कोणाचा, हे विक्रेत्याच्या करारातच लिहिलेलं बरं.

हे सगळे आकडे मी पेमेंट झाल्याबरोबर ऑर्डरच्या प्रत्येक ओळीसोबत (एक वस्तू म्हणजे एक ओळ) साठवतो. रिफंडच्या वेळी टक्केवारी नव्याने लावायची नाही, कारण तोवर कमिशनचा दर बदललेला असू शकतो. रकमा चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात ठेवायच्या. १०० चे तीन सारखे भाग केले की ३३.३३ प्रमाणे ९९.९९ होतात, उरलेला ०.०१ कोणत्या ओळीत टाकायचा याचा नियम एकदाच ठरवावा. एकाच वस्तूचा रिफंड टप्प्याटप्प्याने होत असेल तर शेवटच्या टप्प्याची रक्कम एकूण रिफंडमधून आधीचे टप्पे वजा करून काढावी.

आता खरी मेख. ग्राहकाला पैसे देणं आणि विक्रेत्याकडून ते परत घेणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. स्ट्राइप कनेक्ट या मार्केटप्लेससाठीच्या पेमेंट सेवेवर डेस्टिनेशन चार्ज (पेमेंट घेतानाच विक्रेत्याचा वाटा त्याच्या खात्यात पाठवण्याची पद्धत) वापरत असाल तर रिफंड करताना ‘रिव्हर्स ट्रान्सफर’, म्हणजे तो वाटा परत घ्यायला, सांगावं लागतं. नाहीतर पूर्ण रक्कम प्लॅटफॉर्मच्या खात्यातून जाते आणि विक्रेत्याकडे त्याचा वाटा तसाच राहतो. विक्रेत्याने पैसे आधीच काढून घेतले असतील तर वसुली अडते. पण तेवढ्यासाठी ग्राहकाला ताटकळत ठेवू नये. रिफंड द्यायचा, विक्रेत्याच्या खात्यावर २६४ येणे दाखवायचे आणि पुढच्या पेआउटमधून, म्हणजे विक्रेत्याला द्यायच्या पुढच्या रकमेतून, वळते करायचे. परतीची मुदत संपेपर्यंत पेआउट रोखून धरणं हा त्याहून चांगला उपाय, विक्रेत्यांनी कितीही कुरकुर केली तरी.

गेटवेचं उत्तर वेळेत आलं नाही म्हणजे रिफंड झाला नाही, असं समजू नका. पुन्हा विनंती पाठवायची ती त्याच आयडेम्पोटन्सी कीने (ही तीच जुनी विनंती आहे, हे गेटवेला ओळखता यावं म्हणून सोबत पाठवायची खूण), नाहीतर रिफंड दोनदा जाऊ शकतो. ही की मी रिफंडच्या नोंदीच्या क्रमांकावरून बनवतो, वेळेवरून नाही. ग्राहकाचा रिफंड आणि विक्रेत्याची वसुली यांच्या की वेगवेगळ्या. वेबहूक, म्हणजे काही घडलं की गेटवे आपल्या सर्व्हरला आपणहून पाठवतो ते संदेश, हेही दोनदा किंवा उलट्या क्रमाने येऊ शकतात, म्हणून प्रत्येक इव्हेंटचा (संदेशातल्या घटनेचा) आयडी तपासूनच नोंद करायची.

आणि रिफंडचं बटण चालू ठेवण्याआधी त्या पेमेंटवर चार्जबॅक (ग्राहकाने बँकेमार्फत पैसे परत मागणं) सुरू नाही ना, हे बघायचं. ग्राहकाने बँकेकडे तक्रार केलेली असताना आपणही रिफंड दिला, तर एकाच वस्तूचे पैसे दोन वाटांनी जाऊ शकतात. तक्रार सुरू असेल तर मी ते बटणच बंद ठेवतो.