हाताची घडी, तोंडात ब्रेत्सेल

जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये फेब्रुवारीतल्या सुट्टीत दोन मुलांना घरात कोंडून ठेवायचं म्हणजे परीक्षाच. बाहेर ना धड बर्फ, ना धड पाऊस. थोरली सात वर्षांची, धाकटा चार. त्यात राखेचा बुधवार उजाडला, म्हणजे इथल्या ख्रिस्ती मंडळींचा ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू. म्हटलं, चला, ब्रेत्सेल करू. इंग्रजीतलं प्रेट्झेल ते हेच, पीळ देऊन वळलेला तीन भोकांचा खारा पाव.

५०० ग्रॅम मैदा, यीस्ट, मीठ, कोमट पाणी. संपलं. पूर्वी या चाळीस दिवसांत मांस, अंडी, दूध-लोणी सगळंच वर्ज्य होतं, तेव्हा चालायचं ते असलंच साधं पीठपाणी. आता इथले बेकर त्यात बिनदिक्कत लोणी किंवा चरबी घालतात, मधोमध कापून वर आणखी लोणी फासतात. एकादशी अन् दुप्पट खाशी हे फक्त आपणच करतो असं नाही.

पीठ फुगेपर्यंत गोष्ट. इसवीसन ६१० मध्ये इटलीत (कुणी म्हणतं दक्षिण फ्रान्समध्ये) एक मठवासी होता. प्रार्थना पाठ करणाऱ्या मुलांना बक्षीस म्हणून उरलेल्या कणकेच्या वळ्या करून तो भाजायचा. तेव्हा प्रार्थनेला हात जोडत नसत, छातीवर आडवे घेऊन खांद्यांवर ठेवत. तोच आकार त्याने वळ्यांना दिला.

"म्हणजे गणपतीपुढे कान धरतो तसं?" थोरलीने विचारलं आणि करून दाखवलं. धाकट्यानेही धरले, स्वतःचे नाही, तिचे.

गोष्ट गोड आहे, पण तिला त्या काळातला पुरावा नाही. माझा भरवसा त्या साधूपेक्षा शब्दावर जास्त. लॅटिनमध्ये 'ब्राकिउम' म्हणजे बाहू, त्यावरून ब्रेत्सेल. हातांची घडी नावातच बसलेली आहे. बाराव्या शतकात, आज फ्रान्समध्ये असलेल्या आल्सासमधल्या एका मठात रंगवलेल्या हस्तलिखितात बायबलमधल्या राणी एस्तेरच्या मेजवानीचं चित्र होतं, त्यात टेबलावर ब्रेत्सेल आहे. मूळ पोथी १८७० च्या युद्धात स्ट्रासबुर्गमध्ये जळाली. चित्र उरलं ते कुणीतरी आधी नक्कल करून ठेवली होती म्हणून.

मुलांना यातलं काही नको होतं. त्यांना मांजराची गोष्ट हवी होती. जवळच्या बाड उराखमधली ती दंतकथा: तिथल्या उमरावाच्या रागातून सुटायला एका बेकरला असा पाव करायचा होता, ज्यातून सूर्य तीनदा दिसेल. बायकोची हाताची घडी पाहून त्याला आकार सुचला, आणि ऐनवेळी मांजराने उडी मारून सगळं ताट क्षाराच्या पाण्यात पाडलं. तेव्हापासून म्हणे ब्रेत्सेलला ती तपकिरी तकाकी. खरे बेकर अजूनही कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणातच बुडवतात, म्हणजे आपण तुंबलेल्या मोरीत घालतो तोच. मुलांसमोर तो काढायची माझी छाती नाही. मी एक लिटर उकळत्या पाण्यात तीन चमचे खायचा सोडा टाकला, तोही एकदम. फस्सकन फेस वर आला आणि शेगडीभर उतू गेला. "मांजर नसताना झालं," धाकटा म्हणाला.

वळताना खरी मजा. हातभर लांब वळी, मध्ये जाड, टोकांना बारीक. टोकांना एक पीळ द्यायचा आणि ती मधल्या जाड भागाशी, म्हणजे ब्रेत्सेलच्या पोटाशी, चिकटवायची. कडबोळी वळलेल्या हातांना हे नवं नाही, फक्त कडबोळं कुठेच प्रार्थना करत नाही. थोरलीचं पहिलं छान जमलं. धाकट्याचा आधी साप झाला, मग गोगलगाय, मग कसंबसं ब्रेत्सेल. खडे मीठ पेरून, पोटाला ब्लेडने चीर दिली. श्वाबियातली, म्हणजे आमच्या श्टुटगार्टच्या भागातली ही रीत, शेजारच्या बव्हेरियात चीर न देता पोट आपोआप फुटू देतात. इथल्या लोकांसमोर त्या रीतीविषयी न बोललेलं बरं.

ओव्हनपुढे बसल्यावर थोरलीला सांगितलं की ही तीन भोकं म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असंही मानतात. धाकट्याने काचेला नाक लावून मोजली. "तीन? मग हा दत्त आहे." धर्मशास्त्र्यांना पटणार नाही, पण मला त्यावर लगेच उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात त्याच्या ब्रेत्सेलचं एक भोक फुगून बुजलं. दोघं गप्प. पवित्र आत्मा गेला की दत्ताचं एक डोकं, यावर जेवेपर्यंत वाद चालला.

रात्री सांगलीला फोटो पाठवले. सोबत लांबलचक संदेश लिहिला: उपवासाचा पदार्थ, साधू, हातांची घडी, सगळं. आईचं उत्तर आलं,

"कडबोळी छान झालीत. मोहन कमी पडलंय."