आरसीसीबी पडला नाही म्हणजे टँकचं पाणी सेफ असं नसतं, सीवूड्सची एक केस

मी नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्स साइडला वायरिंगची कामं करतो. घरगुती जास्त, अधूनमधून दुकानं. सीवूड्सच्या एका काकांकडून फोन आला की फिश टँकमध्ये हात घातला की झिणझिण्या येतात. त्यांचा टँक खाऱ्या पाण्याचा, कोरल वगैरे ठेवलेला, चार फुटी. काकू म्हणाल्या मी कधीचं सांगतेय पण हे म्हणतात आपल्याकडे आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) आहे, करंट असता तर तो पडला असता ना.

हे मी बऱ्याच घरी ऐकतो आणि दरवेळी पोटात गोळा येतो, कारण आरसीसीबी पडायला करंट जमिनीत जायची वाट लागते. काचेचा टँक, प्लायचा स्टँड, खाली रबर मॅट, म्हणजे पाण्यात करंट असला तरी तो जाणार कुठे, तो तसाच पाण्यात बसून राहतो आणि माणूस हात घालतो तेव्हा ती वाट माणूस होतो. शिवाय 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी 15 च्या खाली पडतच नाही, स्टँडर्डच तसं आहे, 15 ते 30 च्या मधे कुठेतरी पडतो. माणसाला 1 मिलीअँपिअरच्या आसपासच मुंग्या जाणवतात आणि साधारण 10 च्या पुढे हाताचे स्नायू आकसून हात सुटेनासा होतो. म्हणजे आरसीसीबी पडलेला नाही आणि हात पाण्यात अडकलेला, असं होऊ शकतं.

मीटर लावला, पाणी ते अर्थिंग जवळपास 180 व्होल्ट. आता नुसते व्होल्ट बघून निष्कर्ष काढत नाही मी, डिजिटल मीटरवर शेजारच्या वायरींमुळे घोस्ट व्होल्टेज, म्हणजे नुसतं दिसणारं, ज्यात दम नसतो असं व्होल्टेजही दिसतं, म्हणून मधे रेझिस्टन्स टाकून मिलीअँपिअर बघितले, 8 आले. घोस्ट असतं तर मीटर हललाही नसता. काकांना म्हटलं, काका आता कुणी हात घालायचा नाही, नातवाला तर या खोलीतच येऊ देऊ नका.

मग एकेक पिन काढत गेलो. हीटर काढला, फरक नाही. वेव्हमेकर (पाण्यात लाटा करणारा पंप) काढला, फरक नाही. लाइटचा स्विच बंद केला तरी 180 तसेच, पण पिन उपटली आणि मीटर एकदम खाली आला. स्विच बंद करून का गेलं नाही तर एक्स्टेंशन बोर्डाला टू पिन होती, ती उलटी घुसलेली, त्यामुळे स्विच न्यूट्रल तोडत होता आणि फेज सरळ आत जात होता.

वरचं झाकण उघडलं तर लाइटचा जाळीवाला एसएमपीएस, म्हणजे 230 चे कमी व्होल्ट डीसी करणारा डबा, तो सीसीटीव्हीला लावतात तसला, आतच स्टीलच्या पट्टीवर ठेवलेला, पाण्याच्या वीतभर वर. लाइटची वायर आखूड म्हणून कुणीतरी तसा बसवून गेलेलं. समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, बुडबुडे फुटले की बारीक तुषार वर उडतात, पाणी सुकतं आणि मीठ राहतं. टर्मिनलवर पांढरा थर, खाली हिरवं, अर्थचा स्क्रू रिकामा. थर ओला असला की त्यातून करंट टर्मिनलवरून बॉडीत, बॉडीतून पट्टीत, पट्टीवरून काचेवर ओघळलेल्या मिठातून पाण्यात. काकांनी तो थर बघितला आणि खाली बसले, म्हणाले अरे रोज सकाळी काच पुसतो रे मी.

काम काय करायचं ते मला स्पष्ट होतं, 230 व्होल्टचं काही पाण्याच्या वर ठेवायचंच नाही. नवीन एसएमपीएस 24 व्होल्ट 5 अँपिअरचा, हवा खेळेल अशा पीव्हीसी बॉक्समध्ये, दाराजवळच्या भिंतीवर, टँकच्या पातळीच्या वर, थ्री पिन आणि अर्थ स्क्रूला घट्ट. टायमरही तिकडेच. टँकपर्यंत फक्त 24 व्होल्ट डीसी. अंतर केसिंग पट्टीतून 7 मीटर झालं आणि इथे बरेच जण चुकतात. लाइट 120 वॉटचा, 230 ला अर्धा अँपिअर घेतो पण 24 ला 5 अँपिअर, आणि जाऊन येऊन 14 मीटर तांबं. काकांकडे 0.75 स्क्वेअर एमएमची वायर पडलेली, ती वापरू म्हणत होते, पण त्यात दीड व्होल्टच्या वर ड्रॉप होतो, म्हणजे तेवढे व्होल्ट वायरीतच जातात, लाइट फिका होतो, कोरलला तेच नको. 2.5 स्क्वेअर एमएम घातली, ड्रॉप अर्ध्या व्होल्टवर आला, आणि तेवढा एसएमपीएसच्या अॅडजस्ट स्क्रूवरून भरून काढला, लाइट चालू ठेवून लाइटच्या टोकाला मीटर लावून, एसएमपीएसजवळ नाही. डीसीच्या लाइनला फ्यूज पण टाकला, 24 व्होल्टचा शॉर्टही वायर तापवतो.

टँकजवळ कनेक्टर वॉटरप्रूफ घेतला, आणि वायर आत जायच्या आधी खाली झोका देऊन मग वर नेली म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोक्यातून खाली टपकतं, कनेक्टरमध्ये जात नाही. हीटर आणि पंप तर 230 चेच, त्यांनाही हाच झोका, बोर्ड स्टँडच्या बाजूला वर चढवला, टू पिन एक्स्टेंशन कचऱ्यात.

काका विचारत होते पाण्यात अर्थिंगचा रॉड टाकू का, कुठेतरी वाचलेलं. म्हटलं आरसीसीबी असेल तर तो रॉड फॉल्ट लवकर पकडून देतो, पण आरसीसीबी नसताना टाकला तर तोच करंटला कायमची वाट करून देतो, आणि दोन्ही केलं तरी आधी फॉल्ट काढायला लागतोच.

शेवटी सगळं चालू करून परत मापलं, मिलीअँपिअर शून्य, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, पडला. काकूंनी विचारलं आता बाळाला मासे दाखवायला आणू का, म्हटलं आणा.