सोलापूरच्या बोअरच्या पाण्यासाठी मॉनिटर निवडताना: पोहण्याच्या पुलाची नोंदवही, मार्च ते मे

मार्च, दुसरा आठवडा

होटगी रोडला घरामागे आमचा पोहायचा छोटा पूल आहे. लांबी ८ मीटर, रुंदी ४, खोली सरासरी १.३. म्हणजे साधारण ४१,६०० लिटर पाणी, दहा हजारी टँकर चाराच्या वरच. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, लोक घागरी भरून ठेवतात. तिथे पूल भरायचा तर तो एकदाच भरायचा आणि तेच पाणी सांभाळायचं, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट आहे. मॉनिटर, म्हणजे पाणी सतत तपासून आकडे फोनवर पाठवणारं यंत्र, घ्यायचा तो त्यासाठीच. पाणी बिघडायला लागलंय हे वेळेवर कळलं तर ते वाचवता येतं.

बाजारात मुख्यतः दोन जाती दिसल्या. एक तरंगणारी, जसे ब्लू कनेक्ट किंवा ओन्डिलोचं आयको. पाण्यात सोडलं की तापमान, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते) आणि ओआरपी (पाण्यातल्या क्लोरीनचा जोर, मिलिव्होल्टमध्ये) फोनवर येतं. दुसरी स्किमरमध्ये, म्हणजे पुलाच्या काठाला पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खोबणीत, बसणारी, वॉटरगुरू सेन्ससारखी. तिच्यात रसायन लावलेल्या पट्ट्यांची कॅसेट असते आणि पट्टीचा रंग वाचून ती थेट मुक्त, म्हणजे अजून खर्च न झालेला, क्लोरीन सांगते. मन दुसरीवर बसलं होतं. पण कॅसेट संपत राहणार आणि प्रत्येक वेळी परदेशातून मागवावी लागणार. ऐन मे महिन्यात पार्सल अडकलं तर? तो विचार तिथेच सोडला.

एप्रिल

जुळे सोलापुरातल्या मित्राने त्याचा तरंगणारा मॉनिटर तीन आठवड्यांसाठी वापरायला दिला. त्याचे फार उपकार आहेत, कारण माहितीपत्रकं वाचून जे कळलं नसतं ते या तीन आठवड्यांत कळलं. रोज सकाळी सात वाजता मॉनिटरचे आकडे लिहायचे आणि लगेच डीपीडी किटने (रसायन घालून पाण्याच्या रंगावरून) क्लोरीन मोजायचा, असा नेम ठेवला.

पहिल्या दिवशी किटवर क्लोरीन ३ पीपीएम (लिटरला साधारण ३ मिलिग्रॅम), पीएच ७.५, ओआरपी ६९० मिलिव्होल्ट. एकविसाव्या दिवशी क्लोरीन तोच ३, पीएच तोच ७.५, आणि ओआरपी ६१५! मॉनिटर म्हणतो क्लोरीन कमी पडतोय, किट म्हणतं जागेवर आहे. दोघंही खरंच सांगत होते. ओआरपी क्लोरीनचं प्रमाण मोजत नाही, त्याचा जोर मोजतो. आणि जोर कमी होत होता तो सायन्युरिक आम्लामुळे.

मी टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल एकत्र असलेल्या, गोळ्या वापरत होतो. त्यातून १० पीपीएम क्लोरीन पाण्यात गेला की जवळपास ६ पीपीएम सायन्युरिक आम्लही जातं. आपल्याकडच्या उन्हात माझा रोज २ पीपीएम क्लोरीन खर्च होतो, म्हणजे महिन्याला या आम्लाची ३६ पीपीएमची भर. क्लोरीन उडून जातो, हे आम्ल मागे राहतं. थोडं असलं तर ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, ३० ते ५० पर्यंत मला हवंच असतं. जास्त झालं की तेच क्लोरीनला बांधून ठेवतं. तपासायची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. रसायन घातलं की पाणी दुधाळ होतं, मग ते नळीत हळूहळू ओतत वरून बघत राहायचं. तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. माझा ठिपका ७५ ला गेला. तीन आठवड्यांपूर्वी तो ५० ला गेला होता.

सायन्युरिक आम्ल कमी करायचा साधा उपाय एकच, पाणी काढून नवं भरणं. नेमकं तेच मला करायचं नाही. कॅल्शियम हायपोक्लोराइटवर जावं तर दर १० पीपीएम क्लोरीनमागे कॅल्शियमची कठीणता ७ पीपीएमने वाढते, आणि आमच्या बोअरचं पाणी आधीच जड. शेवटी द्रव सोडियम हायपोक्लोराइटवर आलो. दुकानदार म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात मोठा कॅन घेऊ नका, पंधरा दिवसांत जोर जातो." तेव्हापासून छोटे कॅन घेतो, जिन्याखाली सावलीत ठेवतो, आणि दिवस मावळल्यावरच घालतो.

जड पाण्याने दुसरा धडा दिला. अठराव्या दिवशी मॉनिटर उचलला तर पीएच प्रोबच्या (पीएच मोजणाऱ्या दांडीच्या) काचेच्या टोकावर पांढरी साय धरली होती, बादलीच्या कडेला धरते तशीच. ७.०० च्या बफरमध्ये (पीएच ठरलेला असलेल्या द्रावणात) धरला तर त्याने ७.३४ दाखवलं. याच्या भरवशावर आम्ल ओतत गेलो असतो तर? अगदी पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात मिनिटभर बुडवून धुतला, साय गेली. पण मग रात्रभर आरओच्या पाण्यात ठेवला ही माझी चूक झाली. प्रोब पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा असतो, शुद्ध पाण्यात त्याच्यातले क्षार बाहेर ओढले जातात. दुसऱ्या दिवशी आकडा स्थिर व्हायला फार वेळ लागला. द्रावणात दिवसभर ठेवल्यावर सावरला.

म्हणून आता कोणी विचारलं तर मी ॲपबद्दल सगळ्यात शेवटी बोलतो. प्रोब वेगळा विकत मिळतो का? घरच्या घरी ४ आणि ७ च्या बफरवर कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा जुळवून घेणं, करता येतं का? ही दोन उत्तरं "हो" नसतील तर आपल्या पाण्यात ते यंत्र एक उन्हाळा काढेल की नाही याची मला शंका आहे.

रेंजचंही बघून घ्या. आमचा राउटर पुलापासून २२ मीटरवर, मध्ये दोन भिंती. जुना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्याच्या पातळीवर धरला. काठावर उभं राहून तीन रेघा दिसत होत्या, पाण्यालगत एकच. गच्चीच्या जिन्यात रिपीटर लावला तेव्हा कुठे जमलं. लाइट गेली की वायफाय जाणारच, म्हणून आकडे स्वतःजवळ साठवून नंतर पाठवणारा मॉनिटर हवा.

मे, पहिला आठवडा

तरंगणारा, सुटा प्रोब मिळणारा, दोन बफरवर कॅलिब्रेट होणारा मॉनिटर घेतला. प्रोब बसवल्याची तारीख मार्करने टोपीवर लिहिली. दर रविवारी बफर आणि डीपीडी किट, दर महिन्याला काळा ठिपका. ओआरपीचा कुठलाही ठरावीक आकडा मी आता लक्ष्य म्हणून धरत नाही. किटवर ३ पीपीएम असताना माझ्या पाण्यात तो किती असतो, तेवढाच बघतो. एका रात्रीत ४० ने पडला की उठून बघायला जातो.

टाइलवर खूण करून सात दिवस पाणी भरलं नाही. पातळी ६ सेंटिमीटर उतरली. ३२ चौरस मीटरवर हे १,९०० लिटरच्या वर होतं. हे सगळं बाष्प होऊन गेलं, क्षार मात्र पुलातच राहिले. वरून पुन्हा बोअरचं पाणी घातलं की कठीणता चढतच जाणार. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. आमची गच्ची ९० चौरस मीटर, २० मिलिमीटरचा एक पाऊस झाला तरी १,८०० लिटर मिळतं, म्हणजे आठवड्याची तूट जवळजवळ भरून निघते. पहिल्या पावसाचं मातकट पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह, मग जाळी, मग पूल, अशी जोडणी ठरवली आहे. पाइप आणून ठेवलेत. मृगाच्या आधी प्लंबरमामा येतो म्हणालेत.